साथींना इतिहासातून काढू नका : अभ्यासक्रम समितीच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

माध्यमिक वर्गांसाठीच्या इतिहासाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आपण हरकती व सूचनांसाठी खुला केला आणि तो मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात ‘साथी आणि समाज’ हा घटक दिसला नाही, तेव्हा तो माझ्याच नजरेतून निसटला असावा अशी मी समजूत करून घेतली. दुसऱ्यांदा ओळीवर बोट ठेवून वाचले तेव्हा तो काढूनच टाकल्याचे लक्षात आले. मसुद्यासोबतच्या टिपणात त्याची तीन कारणे दिली आहेत: रोगांची माहिती विज्ञानाच्या पुस्तकात येतेच, तासिकांचा भार हलका करायचा होता, आणि नुकत्याच होऊन गेलेल्या महामारीच्या आठवणीने मुले अस्वस्थ होतात. साडेतीन पानांच्या त्या घटकातून आता दोन शब्द उरले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या परिणामांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर ‘रोगराई पसरली’ एवढे छापलेले आहे.

हे पत्र आपल्याकडे रीतसर पाठवले आहेच. ते खुलेही ठेवतो आहे, कारण मुलांनी इतिहासात काय वाचावे हा प्रश्न समिती आणि शिक्षक यांच्यापुरता नाही. ज्यांच्या घरातले कोणी २०२० किंवा २०२१ मध्ये गेले, त्या प्रत्येकाला त्यावर बोलण्याचा हक्क आहे.

मला काय अधिकार, तेही सांगतो. मी सव्वीस वर्षे इतिहास शिकवतो आहे आणि त्यांतली बहुतेक वर्षे साथींचा घटक मी स्वतःच उरकत आलो, ही कबुली आधी द्यायला हवी. पहिले महायुद्ध शिकवताना फळ्यावर सैनिकांच्या मृत्यूचा आकडा लिहायचा, ९० लाख ते १ कोटी, आणि तहाच्या कलमांकडे वळायचे, असा माझा शिरस्ता होता. एकदा एका विद्यार्थिनीने पानाच्या तळाची टीप वाचून विचारले, “सर, तापाने याच्याहून जास्त माणसे मेली असे इथे लिहिले आहे. मग ती खाली बारीक अक्षरांत का?” १९१८ च्या फ्लूने जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठले, बळींचे अंदाज पावणेदोन कोटींपासून ५ कोटींच्याही पुढे जातात आणि एकट्या भारतीय उपखंडात ते १ कोटीहून अधिक होते. त्या दिवशी मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो आहे, कारण आपण ती बारीक अक्षरेही पुसली आहेत.

दुसरी गोष्ट घरची आहे. माझे मोठे बंधू २०२१ मध्ये अकरा दिवस ऑक्सिजनवर होते आणि बाराव्या दिवशी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असे लिहिलेले आहे. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणी मरते का, हे विचारायला मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. मी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्याने ते लिहिले त्याने त्या रात्री असे आणखी किती दाखले लिहिले असतील, कोण जाणे. पण त्यानंतर मृत्यूंच्या नोंदी हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि वाचता वाचता मी सतराव्या शतकातील लंडनपर्यंत पोहोचलो. प्लेगवर लक्ष ठेवण्यासाठी तिथे दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. घरात प्लेग निघाला की दारे बंद होत, म्हणून कुटुंबे दुसरेच कारण लिहवून घेत. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्लेगच्या वर्षांत इतर कारणांचे आकडेही का फुगतात हे ताडून पाहून दाखवले की प्लेगचे खरे बळी नोंदीपेक्षा बरेच जास्त असणार. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. जवळपास त्याच रीतीने, म्हणजे नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले हे मोजून, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील जगातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाख इतका काढला. याच काळात कोविडचे म्हणून नोंदले गेलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. या फरकात उपचारांअभावी इतर आजारांनी गेलेलेही आहेत, दाखल्यावर भलतेच कारण लागलेलेही आहेत. माझा भाऊ त्या फरकात कुठेतरी आहे.

आता हरकती.

आपल्या पहिल्या कारणाला माझी सर्वांत मोठी हरकत आहे, म्हणून तिथेच जास्त थांबतो. रोगजंतू कसा असतो, शरीरात काय करतो, लस कशी लागू पडते हे विज्ञानाने शिकवावे, यात वाद नाही. पण नोव्हेंबर १९१८ मध्ये प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर जे घडले ते कोणत्या विषयाच्या तासाला शिकवायचे? न्यूझीलंडमधील ऑकलंडहून निघालेली ‘तालुने’ ही बोट ७ नोव्हेंबरला पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागली. बोटीवर फ्लूचे रुग्ण होते. पश्चिम सामोआचा कारभार तेव्हा न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाकडे होता. बोट अडवली गेली नाही आणि उतारू किनाऱ्यावर आले. पुढच्या दोनेक महिन्यांत सुमारे ८,५०० माणसे मेली, म्हणजे दर पाचांतील एकाहून अधिक. तिथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर अमेरिकी सामोआ आहे. तिथले गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या बोटींवर कडक क्वारंटाइन लावले आणि रहिवाशांच्या मदतीने ते निभावून नेले. त्या साथीत तिथे एकही माणूस दगावला नाही. त्यांनी शेजाऱ्यांना देऊ केलेली वैद्यकीय मदतही पश्चिमेकडच्या प्रशासनाने घेतली नाही.

विषाणू तोच होता, महिना तोच होता, माणसेही एकाच भाषेची होती. फरक पडला तो दोन अधिकाऱ्यांच्या दोन निर्णयांनी. पश्चिम सामोआत कुटुंबप्रमुख आणि जाणती माणसे मोठ्या संख्येने गेली, प्रशासनावरचा विश्वास उडाला आणि पुढच्या दशकात उभ्या राहिलेल्या माऊ या स्वातंत्र्य चळवळीमागे ही आठवण होती. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन माफी मागितली, आणि ज्या चुकांसाठी मागितली त्यांत या बोटीला येऊ देण्याची चूक होती. चौऱ्याऐंशी वर्षे एक समाज ज्याचा हिशेब विसरला नाही, ते आपल्या मसुद्यात ‘रोगराई पसरली’ या शब्दांत बसवले आहे. व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने हे वाक्य पाहून म्हटले की यात रोगराईच कर्ता आहे, ती आपली आपण पसरते. मला याहून नेमके सांगता येणार नाही.

पटकीचेही तसेच. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकात असते आणि तिथेच संपते. पुढचा भाग इतिहासाचा आहे. स्नो यांचे म्हणणे त्या वेळी बहुतेकांना पटले नव्हते. शहराला भुयारी गटारे मिळाली ती १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेच्या खिडक्यांतून आत आली तेव्हा. अभियंते जोसेफ बॅझलगेट यांच्या गटारांच्या योजनेला पैसे मंजूर करणाऱ्यांची समजूत रोग दुर्गंधीतूनच होतो अशी होती. चुकीच्या समजुतीपोटी बरोबर गटारे बांधली गेली, आणि पटकी हटली. राज्यसंस्था कशी हलते याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

दुसरे कारण तासिकांचे. हा घटक काढल्याने वेळ वाचेल, पण उरलेले घटक लंगडे होतील. आपल्याच मसुद्यात ‘भौगोलिक शोध आणि वसाहती’ या घटकात मूठभर स्पॅनिश सैनिकांनी मेक्सिको जिंकल्याचे श्रेय बंदुका, घोडे आणि पोलाद यांना दिले आहे. १५२० मध्ये तेनोच्तित्लान या अझ्टेकांच्या राजधानीत देवीची साथ शिरली, स्पॅनिश फौजेला शहराबाहेर हाकलल्यानंतर गादीवर आलेला राजा क्वित्लाव्हाक याच साथीत काही आठवड्यांतच मेला, आणि स्पॅनिश सेनापती कोर्तेसने वेढा घातला तो अशा शहराला, हे त्यात नाही. हे वगळले की मुलांच्या मनात उरते ते एवढेच, की काही माणसे मुळातच जिंकण्यासाठी जन्मतात आणि काही हरण्यासाठी. तसेच हैती या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीचे: १८०२ मध्ये नेपोलियनने पाठवलेल्या मोठ्या फौजेला गुलामगिरीतून उठलेल्या लोकांनी झुंजवले आणि पिवळ्या तापाने पोखरले, सेनापती लक्लेर स्वतः त्यातच गेला, पुढच्या वर्षी फ्रान्सने उत्तर अमेरिकेतला आपला लुइझियाना प्रांत अमेरिकेला विकून टाकला आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. अथेन्सचा नेता पेरिक्लीस युद्धात पडला नव्हता, इ. स. पू. ४३० मध्ये वेढलेल्या शहरात सुरू झालेल्या साथीत पुढच्या वर्षी तो गेला. इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतः त्या आजारातून उठला आणि म्हणूनच त्याने लक्षणे इतकी बारकाईने लिहिली.

इथे एक सावधगिरीही नोंदवतो, नाहीतर मीही दुसऱ्या टोकाला गेलो असे होईल. साथीने सारा इतिहास घडवला असे शिकवणे तितकेच चुकीचे आहे. १३४७ ते १३५१ च्या काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या साथीने, युरोपातील तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे नेली, मजुरांची टंचाई झाली, मजुरी वाढली आणि सरंजामशाही कोसळली, अशी सरळ साखळी जुन्या घटकात होती आणि मी ती पाठ करून घेत असे. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये मजुरी वाढू लागताच राजाने १३४९ मध्ये फर्मान आणि १३५१ मध्ये कायदा करून ती साथीपूर्वीच्या दरावर बांधण्याचा प्रयत्न केला. तीस वर्षांनी, १३८१ मध्ये, शेतकऱ्यांचा उठाव झाला त्याला कराबरोबर ही चीडही होती. पूर्व युरोपात पुढच्या शतकांत भूदासांवरची, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांवरची, बंधने सैल होण्याऐवजी आवळत गेली. इजिप्तमध्ये कालवे राखायला माणसे उरली नाहीत आणि शेती बसली. साथ एकच, मजुरांच्या हाती काय लागले, हे कायदा कोणाच्या हातात होता यावर ठरले. हा विचार पंधरा वर्षांच्या मुलाला पेलतो. मी तो वर्गात मांडून पाहिला आहे.

तिसरे कारण मुलांच्या अस्वस्थतेचे. ते आपण मनापासून लिहिले असणार, म्हणून मीही जपून लिहितो. मागच्या वर्षी मी वर्गाला २०२० ची एक आठवण चार ओळींत लिहायला सांगितली. ज्याला लिहायचे नसेल त्याने चित्र काढावे, तेही नको असेल तर कागद कोरा द्यावा. एका मुलाने लिहिले होते: वडिलांच्या फोनवर गणिताचा तास चालू होता, मध्येच फोन आला आणि तास बंद पडला, आजोबा गेल्याची बातमी होती, पुन्हा जोडला तेव्हा गुणाकार संपला होता. ही मुले अस्वस्थ आहेतच. त्यांच्या अनुभवाला पुस्तकात नाव नाही, याने ती शांत कशी होतील, हे मला समजत नाही.

शिवाय भीती आणि अफवा यांचे माणसे काय करतात हे त्यांना कळायला नको का? १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्गमध्ये विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, आणि तेव्हा साथ त्या शहरात पोहोचलीही नव्हती. त्याआधीच, १३४८ मध्ये, पोप सहावे क्लेमेंट यांनी आज्ञापत्र काढून सांगितले होते की ज्यू स्वतःही या रोगाने मरत आहेत आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही साथ आहे. साधा तर्क होता. ऐकला गेला नाही. १८३२ च्या पटकीत डॉक्टर गरिबांना मारून प्रेते चिरफाडीसाठी नेतात अशी अफवा उठली आणि इंग्लंडमधील शहरांत दंगली झाल्या. पुढची अफवा आजच्या मुलांच्या हातातल्या फोनवर येणार आहे.

जुना घटक जसाच्या तसा परत आणा, असे मात्र मी म्हणत नाही. तो मरणाची जंत्री होता आणि जवळजवळ सगळा युरोपचा होता. ‘स्पॅनिश फ्लू’ हे नाव त्याने एका शब्दाच्या खुलाशाशिवाय वापरले होते. युद्धात तटस्थ असलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रांवर बंधने नव्हती, त्यांनी बातम्या मोकळेपणाने छापल्या आणि नाव त्यांच्या देशाला चिकटले, एवढे तरी सांगायला हवे होते. त्यात ओनेसिमस नव्हता. बॉस्टनमधील या गुलाम माणसाने आफ्रिकेत आपल्याला देवी टोचल्याचे मालकाला सांगितले आणि १७२१ च्या साथीत तिथे ती पद्धत वापरून पाहिली गेली. टोचलेल्यांपैकी सुमारे २ टक्के दगावले, देवी आपोआप झालेल्यांपैकी सुमारे १४ टक्के. त्यात डॉ. वू लियेन-तेह नव्हते. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियातील प्लेग श्वासावाटे पसरतो हे त्यांनी ओळखले आणि कापूस व जाळीच्या कापडाची मुखपट्टी सक्तीची केली. त्यांचे म्हणणे न मानता मुखपट्टीविना रुग्ण तपासणारा एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर काही दिवसांतच प्लेगने मेला. आणि देवीचे निर्मूलन दोन ओळींत गुंडाळले होते. शीतयुद्धात एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन महासत्तांनी एकाच मोहिमेला लस आणि माणसे पुरवली, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण बरा झाला आणि १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली, ही गोष्ट एखाद्या तहाइतकी जागा मागते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

‘साथी आणि समाज’ हा घटक सक्तीचा आणि गुणभार असलेला घटक म्हणून पुन्हा समाविष्ट करावा. ‘अतिरिक्त वाचन’ या सदरात घातलेले काही वाचले जात नाही, हे आपण आणि मी दोघेही जाणतो. त्याला किमान सहा तासिका द्याव्यात. त्या कुठून काढायच्या हा प्रश्न असेल तर मसुद्यातील लढायांच्या तारखांचा चार पानी तक्ता माझ्या मते निम्मा होऊ शकतो, आणि कोणता निम्मा ते सुचवायला मी तयार आहे.

वसाहती, महायुद्ध, औद्योगिक शहरे या घटकांत जिथे साथीने निकालावर परिणाम केला, तिथे तो त्या त्या ठिकाणी लिहावा. ‘रोगराई पसरली’ हे वाक्य काढून बोट कोणती, बंदर कोणते, परवानगी कोणाची हे लिहावे.

२०२० नंतरच्या महामारीवर स्वतंत्र पाठ असावा. त्यात मुलांनी घरातील आठवणी, कागद आणि छायाचित्रे ऐच्छिकपणे जमवण्याचा उपक्रम असावा, आणि शोकात असलेल्या मुलाशी वर्गात कसे बोलावे याचे प्रशिक्षण शिक्षकांना आधी मिळावे. या प्रकरणावर पाठांतराचे प्रश्न परीक्षेत विचारू नयेत.

शेवटची मागणी कामकाजाची. घटक वगळण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे. समितीने साथींचा अभ्यास असलेल्या एखाद्या इतिहासकाराचे आणि वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांचे मत घेतले होते का, ते त्यातून कळावे. घेतले नसेल, तर अंतिम आराखडा मंजूर होण्यापूर्वी ते घ्यावे.

हरकती नोंदवण्याची मुदत संपण्यापूर्वी या पत्राला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर नकारार्थी असेल तर कारणांसह असावे. मी ते वर्गात वाचून दाखवणार आहे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक